ठिपके मोजू नका, मानपाटी वाचा: ढालकिडा आणि त्याचे तोतये

थंडी पडली, द्राक्षाचे मणी फुगायला लागले की नाशिक जिल्ह्यातल्या बागायतदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. पानावर बसलेला लालसर गोल किडा, पाठीवर काळे ठिपके आणि खाली प्रश्न: ‘हा कोणता? काय मारू?’ पाच मिनिटांत दोन उत्तरं येतात. एक जण म्हणतो, ‘दादा, मित्रकीड आहे, हात लावू नका.’ दुसरा म्हणतो, ‘यानेच माझ्या वांग्याच्या पानांची चाळणी केली, आजच फवारा.’ मग ग्रुपवर जुंपते. बहुतेक वेळा दोघंही खरंच बोलत असतात. फक्त दोघांनी पाहिलेले किडे वेगळे असतात.

शहरातही हा गोंधळ आहेच. गच्चीवरच्या गुलाबावर मावा येतो, त्यामागून ढालकिडे येतात, आणि ‘हेच ते झाड खाणारे’ म्हणून आधी तेच चिरडले जातात. मावा तसाच राहतो, कारण तो बारीक, हिरवा आणि कळीच्या देठाला चिकटलेला असतो. लाल रंगाचा किडा मात्र लांबूनही नजरेत भरतो.

हा किडा ओळखणं अवघड नाही. आपण फक्त चुकीच्या जागी बघतो. आपण ठिपके मोजतो.

## आधी घराणं समजून घेऊ

ढालकिडा, म्हणजे कृषी विभागाच्या पत्रकांतला लेडीबर्ड बीटल, हा भुंगेऱ्यांच्या प्रचंड मोठ्या गटातला. त्याच्या कुळाचं शास्त्रीय नाव कॉक्सिनेलिडी. जगभरात या कुळातल्या सुमारे ६००० जातींची नोंद आहे. भारतीय उपखंडातल्या जातींची एक सविस्तर यादी कीटकशास्त्रज्ञ जे. पूराणी यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केली, तिच्यात ४०० च्या आसपास जाती आहेत. त्यात पानं खाणारा उपगट धरलेलाच नाही, म्हणजे एकूण आकडा याहून मोठा. त्यामुळे ‘लाल, गोल, ठिपकेवाला’ एवढ्या वर्णनावर नाव सांगा असं कुणी म्हटलं, तर तज्ज्ञसुद्धा आधी दुसरा फोटो मागतो.

पाठीवरचं जे रंगीत कवच दिसतं ती खरं तर पंखांची पुढची जोडी. कडक झालेली. त्यांना आपण कवचपंख म्हणू. उडताना ते बाजूला होतात आणि खाली घडी घालून ठेवलेले पातळ पंख बाहेर येतात. दोन्ही कवचपंख पाठीच्या बरोबर मधोमध सरळ रेषेत मिळतात. ही रेष लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

जन्मापासून मोठा होईपर्यंत हा किडा चार रूपं घेतो. पानावर उभी रचलेली पिवळी अंडी, त्यातून अळी, मग पानाला चिकटलेला कोष आणि शेवटी भुंगेरा. उबदार हवेत हे सगळं साधारण तीन आठवड्यांत उरकतं. अळीचा आणि भुंगेऱ्याचा तोंडवळा इतका वेगळा असतो की दोघांचं काही नातं असेल असं वाटत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, या कुळातले सगळे जण एकाच ताटात जेवत नाहीत. बहुतेक जाती मावा, पिठ्या ढेकूण, पांढरी माशी, खवले कीड अशा रस शोषणाऱ्या किडी खातात. थोड्या जाती पानावरची बुरशी खातात. आणि एक उपगट सरळ पानं खातो. शेतकऱ्याचा मित्र आणि शेतकऱ्याचा शत्रू एकाच आडनावाचे आहेत. सगळी भांडणं इथूनच सुरू होतात.

## मग ठिपके का मोजायचे नाहीत?

कारण ठिपके बदलतात. एकाच जातीत कुणाचे ठिपके सुटे असतात, कुणाचे एकमेकांना जोडून पट्टा झालेला असतो, कुणाचे जवळजवळ पुसलेले. काही फरक आनुवंशिक असतो, काही हवामानाचा. अनेक जातींत थंडीत वाढलेल्या किड्यांच्या अंगावर काळा रंग जास्त चढतो. कोषातून नुकताच बाहेर पडलेला भुंगेरा तर फिकट पिवळा आणि बिनठिपक्यांचा असतो. रंग आणि नक्षी त्यानंतर हळूहळू उमटते. तेवढ्यात कुणी त्याचा फोटो काढला तर ‘नवीन जात सापडली’ म्हणून गाजावाजा होतो.

ठिपक्यांवरून वय कळतं, ही समजूतही सोडून द्या. एकदा रंग पक्का झाला की ठिपक्यांची संख्या आयुष्यभर तीच राहते.

रस्त्यावरून पांढरी गाडी गेली तर ती नाशिकची की मालेगावची, हे रंगावरून कुणी सांगू शकत नाही. एमएच १५ आहे की एमएच ४१, हे पाटीवर वाचावं लागतं. ढालकिड्यालाही अशी पाटी आहे. डोकं आणि कवचपंख यांच्या मधे एक आडवं, थोडं बाकदार कवच असतं. शास्त्रात त्याला प्रोनोटम म्हणतात, आपण मानपाटी म्हणू. पाठीवरच्या नक्षीपेक्षा मानपाटीवरची खूण पुष्कळ स्थिर असते. फोटोत ती स्पष्ट आली असेल तर निम्मं काम झालं.

## आपल्या रानातला देशी: कॉक्सिनेला ट्रान्सव्हर्सालिस

नाशिकच्या शिवारात, विशेषतः रब्बीत, जो लाल-काळा ढालकिडा सहज दिसतो त्यातला एक म्हणजे कॉक्सिनेला ट्रान्सव्हर्सालिस. नाव जीभ वळवणारं आहे, म्हणून लेखापुरतं त्याला ‘आडव्या डागांचा’ म्हणू. फॅब्रिशियस या डॅनिश शास्त्रज्ञाने १७८१ मध्ये त्याचं वर्णन केलं. भारतापासून आग्नेय आशियातून थेट ऑस्ट्रेलियापर्यंत तो आढळतो. म्हणजे तो फक्त आपलाच नाही, पण इथे तो कुणी आणून सोडलेला नाही.

लांबी साधारण ५ ते ६ मिलिमीटर. रंग नारिंगी ते गडद लाल, अंग गुळगुळीत आणि चकचकीत. पाठीच्या मधोमध, दोन्ही कवचपंख मिळतात त्या रेषेवर, ठळक काळा पट्टा. त्याच्या दोन्ही बाजूंना तीन पाळ्यांचे काळे डाग, आडवे पसरलेले. काहींत हे डाग तुटक असतात, काहींत जोडलेले. मानपाटी काळी, आणि तिच्या पुढच्या दोन कोपऱ्यांत एकेक फिकट नारिंगी डाग. काळी पाटी, कोपऱ्यात उजळ डाग: कॉक्सिनेला या प्रजातीची खूण हीच.

तो बघायचा असेल तर शेतातच जायला हवं असं नाही. रस्त्याकडेची रुई गाठा. त्र्यंबक रोडला काय किंवा दिंडोरी रोडला काय, तिची कमी नाही. रुईच्या कळ्यांच्या देठांवर आणि कोवळ्या पानांच्या खाली पिवळाधमक मावा दाटीने बसलेला असतो. त्यात काही पांढरी पोकळ टरफलं दिसतात, ती माव्याने टाकलेली कात. जरा थांबून बघितलं तर एखादी काळसर करडी, अंगावर नारिंगी डाग असलेली लांबट अळी त्या गर्दीतून चालताना सापडते. तीच ढालकिड्याची अळी. ती माव्याला पकडते, जबड्यात धरून किंचित उचलते, आणि त्याचा फुगीर देह बघता बघता सुरकुततो. ती पुढच्याकडे वळते. मावा पळून जात नाही, शेजारचा गेला तरी सोंड देठात रुतवून रस पीत बसतो.

भुंगेऱ्याला बोटाने हलकंच ढोसलं तर तो पाय पोटाशी घेऊन मेल्याचं सोंग करतो आणि पायाच्या सांध्यांतून पिवळा, कडवट वासाचा थेंब सोडतो. ते त्याचं रक्तच आहे, त्यात कडू अल्कलॉइडं असतात. माणसाला त्याने काही होत नाही, बोट पिवळं होतं इतकंच. पक्ष्याने मात्र एकदा चोचीत धरला तर तो लाल-काळा रंग विसरत नाही.

एवढे सगळे किडे एकमेकांसारखे का दिसतात, याचं उत्तरही यातच आहे. कडू असणाऱ्या सगळ्यांनी एकच भडक वर्दी घातली, तर पक्ष्याला धडा एकदाच शिकवावा लागतो. आणि जे मुळात फारसे कडूही नाहीत, त्यांनाही ही वर्दी उचलून फुकटचं संरक्षण मिळतं.

## त्याच्यासारखे दिसणारे, पण आपल्याच बाजूचे

सगळ्यात जास्त गफलत होते ती नागमोडी ढालकिड्याशी. शास्त्रीय नाव चिलोमेनिस सेक्समॅक्युलाटा. चवळी, मका, कपाशी, करडई, भाजीपाला, जिथे मावा तिथे हा. आकाराने थोडा लहान, ४ ते ५ मिलिमीटर. प्रत्येक कवचपंखावर दोन वाकड्यातिकड्या काळ्या रेषा आणि मागे एक सुटा ठिपका. रंग पिवळट, नारिंगी, गुलाबीसर, लाल, काहीही. नक्षीही इतकी बदलते की एकाच चवळीच्या शेंगेवर बसलेले दोघे सख्खे भाऊ असतील असं वाटू नये. पण मानपाटी बघा. हिची पुढची बाजू फिकट पिवळसर असते आणि काळी खूण मागच्या कडेकडून पुढे आलेली असते. आडव्या डागांच्या किड्याची पाटी काळी आणि उजळ फक्त कोपरे, नागमोडीची पुढची बाजूच उजळ. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की भिंगाचीही गरज पडत नाही.

सात ठिपक्यांचा ढालकिडा पुस्तकांमुळे सगळ्यांच्या ओळखीचा. उत्तर भारतात मोहरी आणि गव्हावर तो मुबलक असतो, आपल्याकडे थंडीत दिसतो. तो आडव्या डागांच्या किड्याचा जवळचा नातलग, म्हणून मानपाटी तशीच, फक्त कोपऱ्यांतले डाग पांढरे. अंगाने मोठा. प्रत्येक कवचपंखावर तीन सुटे ठिपके आणि सातवा मधोमध, मानपाटीला लागून.

इगतपुरी, त्र्यंबककडच्या भातात एक बिनठिपक्याचा, नारिंगी-लाल, पाठीवर फक्त मधली बारीक काळी रेघ असलेला ढालकिडा भेटतो. तो मायक्रास्पिस. भातावरचे बारीक किडे खातो आणि परागकणही खातो, म्हणून ओंबीवर दिसला तर दाणे खातोय असा संशय घेतला जातो. तीन उभ्या काळ्या रेघांचा, फिकट तपकिरी, चिमुकला ब्रुमॉइड्स पिठ्या ढेकणांवर असतो.

आणि इलिस. पिवळाजर्द, ठिपके नाहीत, पांढरट मानपाटीवर दोन काळे टिंब. हा मावा खात नाही, भुरी ही पानावरची बुरशी खातो. काकडी, भोपळा, दोडका यांच्या पानांवर भुरीचा पांढरा थर आला की तो पोचतो. ‘म्हणजे भुरीची फवारणी बंद करता येईल का?’ हा प्रश्न लगेच येतो. नाही. भुरी ज्या वेगाने पसरते त्यापुढे त्याचं खाणं अपुरं पडतं. त्याला पाहून एवढं समजायचं की भुरी आली आहे, पानं उलटीसुलटी करून तपासा.

## खरा तोतया: वांग्यावरचा

आता ग्रुपवरच्या त्या दुसऱ्या माणसाकडे येऊ. त्याचा किडा म्हणजे हेनोसेपिलॅक्ना, शेतकऱ्यांच्या आणि कृषी सेवा केंद्रांच्या बोलण्यात एपिलॅक्ना भुंगेरा. हाही ढालकिड्यांच्याच कुळातला, पण शाकाहारी. त्याच्या एका जातीला अठ्ठावीस ठिपके, दुसरीला बारा. वांगं, बटाटा, टोमॅटो, कारलं यांवर तो येतो. पीक नसेल तेव्हा बांधावरची काटेरिंगणी आणि धोतरा त्याला पुरतो.

त्याला ओळखायची पहिली खूण म्हणजे चमक नसणं. आडव्या डागांचा किंवा नागमोडी ढालकिडा उन्हात काचेसारखा चकाकतो. एपिलॅक्नाच्या अंगावर अतिशय बारीक, आखूड लव असते, त्यामुळे तो मळकट दिसतो. रंगही शुद्ध लाल नाही, विटकरी किंवा तांबूस तपकिरी. मोबाईलच्या कॅमेऱ्यात झूम केलं, किंवा किडा उजेडाच्या दिशेने धरून कडेने बघितला, तर लव स्पष्ट दिसते. अंग जास्त घुमटाकार, ६ ते ८ मिलिमीटर. मानपाटी पाठीच्याच विटकरी रंगाची.

दुसरी खूण पानावर. तो आणि त्याची अळी पानाला आरपार भोक पाडण्याऐवजी हिरवा गर खरवडतात. शिरा तशाच राहतात, मधला भाग आधी पांढरट आणि मग तपकिरी, कागदासारखा होतो. शेवटी पानाची जाळी उरते. वांग्याच्या झाडावर अशी पानं असतील आणि मावा शोधूनही सापडत नसेल, तर बसलेला किडा मित्र असण्याची शक्यता फार कमी.

तिसरी खूण अळी, आणि ती सगळ्यात खात्रीची. मित्र ढालकिड्याची अळी लांबट, काळसर, भराभर चालणारी. एपिलॅक्नाची अळी जाडसर, पिवळी, संथ आणि अंगभर फांद्या फुटलेल्या काट्यांची. पानाच्या खालच्या बाजूला पिवळे काटेरी गोळे दिसले की पुढच्या तपासणीची गरज नाही.

अंड्यांवरून मात्र निवाडा करायला जाऊ नका. दोघांचीही अंडी पिवळी, दोघांचीही उभी रचलेली. शेजारी मावा आहे की खरवडलेलं पान, तेवढंच बघा.

प्लॉट लहान असेल तर एपिलॅक्नाला पहाटेच्या गारव्यात आवरणं सोपं. किडे सुस्त असतात, झाड हलवलं की खाली पडतात. अंड्यांचे आणि अळ्यांचे पुंजके असलेली पानं तोडून साबणाच्या पाण्यात टाकायची. हे करताना एका गोष्टीकडे लक्ष ठेवा: काही अळ्या फुगलेल्या, तपकिरी, निर्जीव आणि पानाला चिकटलेल्या दिसतात. त्यांच्या पोटात पेडिओबियस नावाची अतिशय बारीक गांधीलमाशी वाढत असते. त्या अळ्या राहू द्या. हीच माशी १९६० च्या दशकात भारतातून अमेरिकेत नेली गेली, तिथल्या घेवड्यावरच्या एपिलॅक्नासारख्याच भुंगेऱ्याविरुद्ध.

‘म्हणजे लव असलेला प्रत्येक ढालकिडा शत्रू?’ इथे थोडं सावध राहायला हवं. पिठ्या ढेकूण खाणारे स्किम्नस नावाचे दोनेक मिलिमीटरचे तपकिरी ढालकिडे लवदारच असतात, आणि ते मित्र आहेत. लवेची खूण मोठ्या, ठिपकेवाल्या किड्यांपुरती वापरा. बारक्यांच्या बाबतीत ते कशात बसलेत ते बघा.

## जे ढालकिडे नाहीतच

काकडी-भोपळ्याच्या रोपांवरचा तांबडा भुंगेरा लालसर असतो, पण लांबट, बिनठिपक्याचा आणि मिशा लांब दोऱ्यासारख्या. ढालकिड्याच्या मिशा आखूड, टोकाला किंचित जाड, आणि बहुधा डोक्याखाली लपलेल्या. लांब मिशा दिसल्या की ढालकिडा नाही, इतका साधा नियम बहुतेक वेळा पुरतो.

पाटाच्या कडेला माजलेल्या बेशरमीवर कासव भुंगेरे असतात. त्यांच्या कवचाला चारी बाजूंनी पारदर्शक झालर असते आणि डोकं तिच्याखाली पूर्ण झाकलेलं असतं. काहींवर काळे ठिपकेही असतात. दिसायला फार देखणे, पण पानं खाणारे.

भेंडी आणि कपाशीवरचे लाल ढेकण्या किडे भुंगेरेच नाहीत. त्यांच्या पाठीवर मधोमध सरळ रेष नसते, पंख एकमेकांवर आडवे चढलेले असतात आणि तोंडाला टोचून रस ओढणारी सोंड असते. आधी सांगितलेली ती रेष इथे कामाला येते.

## द्राक्षबागेतला सगळ्यात महागडा गोंधळ

हा भाग निफाड, दिंडोरी, चांदवडच्या वाचकांनी नीट वाचावा. द्राक्षावर येणारा पिठ्या ढेकूण, म्हणजेच मिलीबग, सालीखाली राहतो आणि मण्यांत पाणी उतरू लागलं की घडात शिरतो. त्याच्या चिकट स्रावावर काळी बुरशी चढते आणि घड निर्यातीच्याच काय, बाजाराच्याही लायकीचा राहत नाही. नेमकं याच काळात औषधं मारता येत नाहीत, कारण काढणीआधी किती दिवस फवारणी थांबवायची याची बंधनं असतात. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या उर्वरित अंशावरून युरोपने भारतीय द्राक्षं नाकारली होती. तो हंगाम ज्यांनी पाहिला त्यांना हे वेगळं सांगायला नको.

अशा वेळी उपयोगी पडतो क्रिप्टोलेमस. हा देशी नाही. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, भारतात १८९८ मध्ये आणला गेला, तेव्हा कॉफीवरच्या खवले किडीसाठी. आता दक्षिण भारतात तो रुळला आहे. पिठ्या ढेकणासाठी प्रयोगशाळेत वाढवून तो पुरवला जातो. भुंगेरा ४ मिलिमीटरचा, पाठ काळपट, डोकं, मानपाटी आणि पाठीचं शेवटचं टोक तांबूस नारिंगी. ठिपका एकही नाही. त्यामुळे याला ढालकिडा म्हणून कुणी ओळखतच नाही.

पण खरी गडबड त्याच्या अळीची. ती अंगभर पांढऱ्या मेणाचे धागे घेऊन फिरते. म्हणजे हुबेहूब पिठ्या ढेकूण, जरा मोठा. पैसे मोजून भुंगेरे सोडायचे आणि दोन-तीन आठवड्यांनी खोडावर ‘मिलीबग वाढला, तोही केवढा मोठा’ म्हणून फवारणी करायची, असं घडू शकतं. ती फवारणी त्याच अळ्यांवर पडते ज्या मिलीबग खात होत्या.

फरक ओळखायला काडी पुरते. पांढऱ्या गोळ्याला काडीने हलकंच ढकला. पिठ्या ढेकूण जागचा फारसा हलत नाही. क्रिप्टोलेमसची अळी लगेच चालू लागते. पूर्ण वाढलेली अळी सेंटिमीटरहून लांब होते, पिठ्या ढेकूण तीन-चार मिलिमीटरवर थांबतो. मेणाचे धागेही अळीचे लांब आणि विस्कटलेले असतात. आणि द्राक्षावरचा गुलाबी पिठ्या ढेकूण चिरडला तर लालसर द्रव निघतो. पण चिरडून बघायची पाळी सहसा येत नाही, चाल बघितली की कळतं.

## ‘विकत आणून सोडले तर काम होईल?’

होईल, पण अटी आहेत. क्रिप्टोलेमस हेक्टरी ५००० च्या आसपास सोडण्याची शिफारस केली जाते. तो थंडीत सुस्तावतो, आणि निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत एक आकडी होतो हे आपल्याला माहीतच आहे. त्यामुळे कडाक्याच्या थंडीत सोडण्यात फारसा अर्थ नाही. सोडण्याआधी आणि नंतर तीव्र कीटकनाशक मारलेलं असेल तर पैसे मातीत.

आणि मुंग्या. पिठ्या ढेकूण आणि मावा यांचा गोड स्राव मुंग्यांना हवा असतो, म्हणून त्या त्यांची राखण करतात आणि ढालकिड्यांना हाकलतात. खोडावर मुंग्यांची रांग तशीच ठेवून वरून भुंगेरे सोडणं म्हणजे निम्मे पैसे मुंग्यांच्या नावे करणं. आधी सैल साल काढा, वारुळं बघा, खोडावर चिकट पट्टी लावा.

देशी ढालकिडे मात्र विकत आणायची गरज सहसा नसते. ते स्वतः येतात, अट इतकीच की त्यांना खायला काहीतरी असावं. बांधावर चवळी किंवा मक्याची ओळ ठेवली तर तिच्यावर आलेल्या माव्यावर त्यांची पैदास होते. चवळीवरचा मावा द्राक्षावर जाईल ही भीती नेहमी बोलून दाखवली जाते. तो मावा द्राक्षवेलीवर टिकणारा नव्हे. भाजीपाल्याच्या प्लॉटशेजारी मात्र कोणतं पीक लावताय याचा विचार करून लावा.

## ‘फवारणी करावीच लागते, मग ओळखून उपयोग काय?’

उपयोग वेळेचा आहे. माव्याची वस्ती आधी वाढते, ढालकिडे थोडे मागून येतात. या मधल्या काही दिवसांत शेतकरी सगळ्यात जास्त घाबरतो आणि सरसकट फवारतो. त्यात मावा मरतो, ढालकिडेही मरतात. मावा मात्र लवकर परत येतो, कारण बहुतेक मादी माव्यांना नराची गरज लागत नाही आणि त्या थेट जिवंत पिल्लंच देतात. ढालकिड्याला अंड्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून झाडावर काळसर अळ्या फिरताना दिसल्या तर तीन-चार दिवस थांबून माव्याची संख्या पुन्हा बघणं फायद्याचं. अळ्या नाहीत, मावा वाढतोय आणि शेंडे वळू लागलेत, तर निर्णय घ्यायला मोकळे आहात. तेव्हाही पूर्ण प्लॉटऐवजी लागण झालेल्या ओळींवर भागतंय का ते बघा.

## ‘ॲप आहे ना, फोटो टाकला की नाव येतं’

येतं. पण ॲप जे फोटो बघून शिकतं त्यात युरोप-अमेरिकेतले फोटो फार असतात, त्यामुळे आपल्या बांधावरच्या किड्याला ते कधी कधी हार्मोनिया ॲक्सिरिडिस म्हणून मोकळं होतं. हा मूळचा पूर्व आशियातला हार्लेक्विन ढालकिडा. कीड नियंत्रणासाठी अमेरिकेत सोडला, १९८८ मध्ये लुइझियानात त्याची पक्की वस्ती सापडली, २००४ मध्ये ब्रिटनमध्ये पोचला, आणि तिथल्या देशी ढालकिड्यांना त्याने मागे रेटलं. त्याच्याबद्दलच्या बातम्या वाचून इथला शेतकरी आपल्याच नागमोडी ढालकिड्याकडे संशयाने बघणार असेल तर ते बरोबर नाही. ॲपने दिलेलं नाव मानपाटीशी ताडून बघा आणि ती जात भारतात कुठे नोंदलेली आहे तेही तपासा. बेंगळूरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोने भारतीय ढालकिड्यांची माहिती चित्रांसह दिलेली आहे. द्राक्षापुरतं विचारायचं तर पुण्याजवळ मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे.

ग्रुपवर विचारायचं असेल तर एक फोटो वरून काढा, ज्यात मानपाटी दिसते. दुसरा कडेने, म्हणजे लव आहे की चमक ते कळेल. तिसरा किड्याचा नकोच, तो बसला होता त्या पानाच्या खालच्या बाजूचा काढा. आणि पिकाचं नाव लिहायला विसरू नका. फ्लॅश बंद ठेवा, नाहीतर चकचकीत पाठीवर पांढरा झोत उमटतो आणि समोरचा माणूस तोच ठिपका धरून बसतो.